नानांचे अकरा एक

नानांच्या चिठ्ठीवर मी खोटं उत्तर लिहिलं होतं. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच गोड वाटेल...

महिन्यापूर्वी भुसावळच्या मालधक्क्यावर गार्डने सांगितलं, "बोदवडचे तारमास्तर गेले." तेच नाना. बोदवड स्टेशनात ते तारेवर आणि मी पार्सलच्या टेबलावर, अशी आम्ही आठ वर्षं काढली. दोन गाड्यांच्या मधे ते पाटी घेऊन बसत. एकदा त्यांनी फलाटावरून दिसणारे तारेचे खांब मोजले. अकरा भरले. लगेच पाटीवर ओळीने अकरा एक लिहिले: ११,११,११,११,१११. "भाऊ, हिला कशाने भाग जातो? की ही मूळ संख्याच?" मी म्हणालो, "नाना, साहेबाने पाहिलं तर तुम्हालाच भागून टाकेल." ते पोट धरून हसले आणि भागायला बसले.

पाच एकांना ४१ आणि २७१ ने भाग जातो, सात एकांना २३९ आणि ४६४९ ने. पहिल्या दोघांना पाचाच्या दुपटीने, दहाने भागलं, किंवा पुढच्या दोघांना साताच्या दुपटीने, चौदाने, तर बाकी एकच. त्यावरून नानांनी ताडलं की, अकरा एकांना भागणाऱ्या मूळ संख्येला बावीसने भागलं तर बाकी एकच उरणार. म्हणजे तेवढ्याच संख्या तपासायच्या, त्याही एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढपर्यंत. त्यापलीकडे भाजक असला, तर त्याचा जोडीदार अलीकडे सापडायलाच हवा. तरी हजारभर भागाकार होते. माझी भुसावळला बदली झाल्यावर त्यांनी गार्डच्या हाती चिठ्ठी धाडली, "एवढे तुम्ही पाहा." मी अर्धे पाहिले. तेवढ्यात पत्त्यांचा डाव मांडला गेला... उरलेल्यांपुढे मी न पाहताच लिहिलं, "जात नाही." चिठ्ठीतला शेवटचा आकडा होता २१६४९.

त्यानंतर नाना कित्येक वर्षं पुढे भागत राहिले. गेल्या पोळ्याला त्यांचं पत्र आलं, "संपलं. मूळच आहे. निम्मं श्रेय तुमचं." तेव्हा तरी बोलायचं होतं. मी अभिनंदन लिहिलं.

ते गेल्याचं कळल्यावर मी तो २१६४९ चा भागाकार केला. बाकी शून्य. भागाकार आला ५१३२३९. पाच मिनिटांचं काम होतं.

मी बोदवडला गेलो. साक्रीकडच्या अक्कांनी, नानांच्या पत्नीने, पाटी पुढे ठेवली. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आजारपणमा त्यास्नी बठ्ठं फिरी तपासं. तुमनी चिठ्ठी तेवढी नही. म्हनेत, 'ती भाऊनी शे, तठे काय देखानं?'"

सगळं पुन्हा तपासलं, फक्त माझी चिठ्ठी सोडून. खाली बसलो, पाटी मांडीवर घेतली, तो भागाकार पहिल्यापासून मांडला आणि अक्कांना ऐकू जाईल असा एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेलो. शेवटचं शून्य लिहिलं. मग म्हणालो, "नाना, भाग जातो. मी पाहिलंच नव्हतं. मला माफ करा."