हिलालभाऊंची उलटी तार

शिरपुरात मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या हिलालभाऊंना गमचा भारी राग. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून बाकीचे मेकॅनिक आट्यांना गम लावतात. हे मात्र बोल्टच्या डोक्याला भोक पाडतात, स्टीलची तार ओवतात आणि पक्कडीने पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात. तार आवळण्याच्या दिशेने ओढणारी हवी, मग बोल्ट फिरायचं नाव घेत नाही. "गम धरस का नही ते दिसत नही. तार डोयाले दिसस," हे त्यांचं ठरलेलं भाषण.

एके दिवशी हे भाषण मीच त्यांना करायला लावलं. मी शाळामास्तर, चिडवायची खोड जुनी. समोर ममता पावराची गाडी होती. ममता नर्स, सातपुड्यातल्या पाड्यांवर लस घेऊन जाते. घाटात पुढचा ब्रेक गेला तर तिचं काही खरं नाही. भाऊ तावातावाने बोलत राहिले आणि बोलता बोलताच त्या ब्रेकच्या दोन बोल्टांना तार बांधून मोकळे झाले.

दुसऱ्या सकाळी एका गाडीला तार बांधताना त्यांचे हात थांबले. "मास्तर, काल तार उलटी बांधाई गयी." उलटी तार बोल्टला धरूनच ठेवत नाही. ममता केव्हाच निघाली होती आणि वर फोनला रेंज नाही. आम्ही भाऊंच्या गाडीवर निघालो. प्रत्येक वळणावर ते दरीत डोकावत होते, आणि मागे बसलेल्या मला स्वतःची लाज वाटत होती.

पाड्यावर ममता निंबाखाली बाळांना लस देत होती. भाऊ तिच्या गाडीपाशी उकिडवे बसले. तार सुलट होती. पीळ ओबडधोबड, पण सुलट.

"निघताना उलटी दिसली," ममता म्हणाली. "तुम्हाला पाच वेळा बांधताना पाहिलंय, भाऊ. खोलून नवी बांधली."

"मनी चूक शे, ताई." भाऊंचे डोळे भरून आले.

वीस वर्षांत त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. आता महिनाभर रुसतील, असं मला वाटलं. पण ते उठले आणि स्वतःच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

"हाई तार बी मीच बांधेल शे. घाट उतराना पहिले तू पाही ले."

ममताने हात धुतले, वाकून तार निरखली, बोटाने ओढून पाहिली.

"बरोबर आहे, भाऊ. निघा आता."