शेषेरावांच्या दाढेतला कॅनॉल

शेषेराव पाटबंधारे खात्यात कॅनॉल इन्स्पेक्टर होते. खात्यानं त्यांना एक सायकल, एक खाकी टोपी आणि एक वाक्य दिलं होतं. सायकल गंजून गेली, टोपी उंदरांनी खाल्ली, वाक्य मात्र रिटायर होईपर्यंत टिकलं: "टेलपर्यंत पाणी पोचलं, साहेब."

टेल म्हणजे कॅनॉलचं शेवटचं टोक. धरणाचं गेट उघडलं की हेडचे, म्हणजे धरणाजवळचे ऊसवाले मोटारी टाकून पाणी ओढायचे, मधल्यांना घोटाभर मिळायचं आणि टेलला नुसती बातमी जायची. ती बातमी शेषेराव चाकूरच्या चौकातल्या हॉटेलात बसून, चहाचा कप संपला की फोनवरून कळवत. टेलला जायला धड रस्ता नव्हता हे खरंच. पण रस्ता असता तरी ते गेले नसते, कारण गेलं की दिसतं आणि दिसलं की कळवावं लागतं. तसा माणूस वाईट नव्हता. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणावर हात उचलला नाही. आळस आणि साहेबाची भीती, या दोन्हींशी त्यांनी सुखानं संसार केला एवढंच.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्या उन्हाळ्यात चाकूरला एक नवं खूळ उठलं. सरकार म्हणे नवे जिल्हे काढणार. मग चाकूर काहून नको? नळ कोरडे, बोअर कोरडे, टँकरपाशी बाया घागरींनी भांडून राहिलेल्या. पण जिल्हा कृती समितीच्या बैठकीला खुर्च्या पुरेनात. समितीचे अध्यक्ष झाले शेषेराव. त्यांना भाषणाची हौस दांडगी, आणि उभ्या नोकरीत माईक कधी हाती आला नव्हता. उद्घाटनाला नारळ मंत्र्यांचा, माईक साहेबांचा आणि सतरंज्या शेषेरावांच्या, अशीच वाटणी असायची.

"जिल्हा झाला की पाणी येतंच," ते घरात सांगत. "कलेक्टर काय बिनपाण्याचा ऱ्हाईल?"

बायको तारामती भांडी मातीनं घासता घासता म्हणाली, "लातूर जिल्हाच हाय की. तिथं रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय."

"मग आपल्यालाबी रेल्वेनं येईल!"

तारामतीनं पुढचं भांडं ओढलं. इतक्या वर्षांत ती एवढं शिकली होती.

एक मंत्री दौऱ्यावर येणार असं ठरलं. सभेत मुख्य भाषण शेषेरावांचं. ते आरशापुढं उभे राहून हातवारे बसवू लागले, आणि नेमकी खालची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, हळद झाली, कुणी सांगितली म्हणून तंबाखूची गोळीही दाबून झाली. शेवटी गाल धरून ते डॉक्टर पंचशीलाकडं गेले.

पंचशीला ही केरबाची पोरगी. केरबाचं शेत डाव्या कॅनॉलच्या अगदी टेलला. पाणी कधी आलंच नाही, तेव्हा केरबानं लातूरच्या आडतीत पोती वाहून लेकीला दातांची डॉक्टर केलं. ती अर्धा आठवडा नांदेडला बसायची, अर्धा आठवडा चाकूरला, आणि येताना गाडीच्या डिकीत नांदेडहून पाण्याचे जार भरून आणायची. केरबाची पोर म्हणून शेषेरावांना जरा अवघडल्यासारखं झालं, पण ठणक्यापुढं अवघडलेपण कितीसं टिकणार?

"काका, रूट कॅनॉल करावा लागंल."

शेषेराव दुखणं विसरून ताठ बसले. "कॅनॉल? माज्या तोंडात?"

"दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात. तुमच्या नळ्यांत जंतू शिरलेत. त्या उघडून, टोकापर्यंत धुऊन मग भरायच्या."

"लांबी किती?"

"वीस-बावीस मिलिमीटर."

"आन् टेलला काय हाय?"

"तुमच्या जबड्याचं हाड."

शेषेरावांनी आ वासला. पंचशीलानं दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, दाढ उघडली, केसासारख्या सुया फिरवल्या आणि पिचकारीनं औषध सोडलं. औषधाला ब्लीचिंग पावडरीचा वास. जो वास कैक दिवसांत नळाला आला नव्हता, तो शेषेरावांच्या तोंडात दरवळला. वर तात्पुरतं सिमेंट बसवून ती म्हणाली, "अजून दोनदा यावं लागंल. आज वरवर साफ झालंय. खरे जंतू टोकाला दडून बसतात, त्यांच्यापर्यंत धुतल्याबिगर काम झालं असं समजू नका."

संध्याकाळपर्यंत ठणका थांबला आणि शेषेरावांनी काम झालं असं समजून टाकलं. खात्याचा दस्तूरच तो. हेडला पाणी दिसलं, फोटो निघाला, फुलं वाहिली, म्हणजे कॅनॉल सुरू झाला. पुढं कोण बघायला जातं? दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा शेषेराव म्हणाले, "एकदम ओके हाय." आणि आरशापुढं जाऊन उभे राहिले.

सभेच्या दिवशी सकाळी आरशात वेगळाच माणूस होता. गाल नारळाएवढा, तोंड बोटभरही उघडेना. तारामतीनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"वरवर धू अन् बंद कर," शेषेराव दातांतून बोलले. "अकराला भाषण हाय."

"वरवर धुतलं म्हणूनच ही वेळ आलीय. पू हाडाकडं उतरून राहिलाय. भूल द्यावी लागंल, ओठ दोन-तीन तास जड राहतील. अकराला बोलता यायचं नाही."

शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं नव्हतं. अख्ख्या जिंदगीत एकदा माईक मिळत होता.

"कर गं बाई," तारामती म्हणाली. "त्यांचं भाषण आमी घरी लई ऐकलंय."

पंचशीलानं घाई केली नाही. पू काढला, पुन्हा पुन्हा औषध सोडलं, मग भिंग लावून कितीतरी वेळ आत बघत राहिली. "एक कॅनॉल राहिला होता, काका. सहजी दिसत नाही, हुडकावा लागतो. सगळे जंतू तिथंच होते." त्यात सुई घालून तिनं तसाच एक्स-रे काढला.

रबराचा पडदा निघाल्यावर शेषेराव जड जिभेनं म्हणाले, "तेलफर्यंत गेलं, कछावरून?"

तिनं एक्स-रे पुढं धरला. मुळाच्या पार टोकाला सुई टेकलेली पांढरी रेघ. टेलला पोचलेली गोष्ट शेषेराव पहिल्यांदाच बघत होते.

"दर येळी फोतू काढती?"

"मग कसं कळणार? मी म्हणते म्हणून?"

मंत्री अकराचे दुपारी तीनला आले. तोवर मांडवातले लोक उन्हानं वाळून गेले होते, गालाची सूज थोडी उतरली होती आणि ओठांत जीव आला होता. समितीचे चिटणीस रेणुकादास वकील यांनी स्वागत केलं आणि उशीर झाला म्हणून शेषेरावांचं भाषण गाळलं. मंत्र्यांनी जिल्ह्याचा विषय 'बघू' या एका शब्दात आटोपला आणि ते पाण्यावर घसरले.

"यंदा धरणच कोरडं, त्याला माझा इलाज नाही. पण धरणात होतं तेव्हा आम्ही डाव्या कॅनॉलच्या टेलपर्यंत पाणी दिलं. माझ्याकडं रिपोर्ट आहेत! हे शेषेराव इथंच बसलेत. विचारा त्यांना, पोचत होतं का नाही?"

आणि माईक शेषेरावांच्या हातात आला. ते जुनं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर मंत्री खूश, समिती खूश. पण डोळ्यांपुढं ती पांढरी रेघ उभी राहिली आणि तोंडून भलतंच गेलं.

"फोटू हाय का, साहेब?"

मांडवात हास्याचा लोट उठला. टाळ्या, शिट्ट्या. मंत्र्यांचा चेहरा उतरला, रेणुकादास मागून शेषेरावांचा शर्ट ओढू लागले. शेषेरावांना काही ऐकू येईना. आरशापुढं इतकं घोकलेलं भाषण करून जे मिळालं नसतं, ते तीन-चार शब्दांत मिळालं होतं. ते छाती काढून उभे राहिले.

मागच्या रांगेत केरबा उठला. पटका सावरला, हात जोडले.

"इन्स्पेक्टरसाहेब, लई बरं इचारलं. तुमी आमच्या टेलचं पाणी कळवत होता, तवा आमी फोटू कुणाला मागायचा होता?"

तो रागानं बोलला नव्हता. खरंच विचारत होता. सगळा मांडव शेषेरावांच्या तोंडाकडं बघू लागला. भूल कधीच उतरली होती, जीभ नीट वळत होती, माईकही चालू होता. शेषेराव तो धरून नुसते उभे राहिले.