ओल्या हातांची पोर

बेडकाला धरण्याआधी स्वतःचे हात ओले करणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. वैशाली. बेडकांच्या अभ्यासासाठी तीन पावसाळे ती अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावात येऊन माझ्या पडवीत राहिली. सकाळी खाचरांवर धुकं साचलेलं असायचं आणि ती ओहोळाकडच्या बांधावर उकिडवी बसलेली. पाय दिसायचेच नाहीत. धुक्यावरच कुणी आणून ठेवल्यासारखी दिसायची.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काय गं, बेडकाला शिवायला सोवळं लागतं व्हय?"

ती हसली. "कोरड्या हातानं धरला तर त्याच्या अंगावरची ओल निघून येते, आजी. तेच त्याचं औषध आहे."

बेडूक अंगठ्याएवढा, पाठीवर पिवळी रेघ. त्या एका बांधाखेरीज तिला तो कुठे सापडला नव्हता. वनखात्याचा परवाना पिशवीत ठेवून ती काम करायची. त्याच्या पाठीला विजेचा हलका झटका देणारं एक बारकं यंत्र टेकवायची, अंगावर पांढरट ओल यायची, ती पाण्याने धुऊन बाटलीत घ्यायची आणि बेडूक होता त्याच दगडाखाली परत ठेवायची. मला हे रिकामटेकडं काम वाटायचं. तरी मी बघत बसायचे. त्या धुक्यात सकाळ कधी सरायची, कळायचं नाही.

ती पाथर्डीकडची. "आमच्याकडं बेडूक दिसला तर लोक त्यालाच विचारतात, पाणी कुठंय म्हणून," असं म्हणायची. आईवडील ऊसतोडीला जायचे. एका साली आईच्या पायाला कोयता लागला, जखम चिघळली. डॉक्टरांनी औषधांवर औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. हे तिने भाकरी खाता खाता सांगितलं आणि पुढचा घास घेतला. "बेडूक जन्मभर चिखलात राहतो, आजी. त्यालाही खरचटतं. मग त्याचं का चिघळत नाही?"

त्या ओलीत म्हणे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. जंतू आला की त्याच्या अंगालाच भोकं पाडतात. "माणसातही असतात. कातडीत, घामात, लाळेत, आईच्या दुधात. लस अंगाला शिकवते. यांना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मापासून पहाऱ्यावर."

मी चौथी शिकलेली. न शिकता काम येतं, हे मला लगेच पटलं. म्हटलं, "घामात असंल तर माझ्यात हंडाभर हाय. भर की बाटली."

"तुमचा नंबर बेडकानंतर!"

तिसऱ्या साली एकदा शेवटची ओल मिळाली की तिचं काम पुरं होणार होतं. आदल्या वर्षी तिच्या पायापासून हातभर अंतरावरून फुरसं गेलं होतं. साप चावून ती माझ्या दारात मेली असती तर निस्तरायचं मलाच होतं. म्हणून ती यायच्या आठ दिवस आधी मी पाठीला पंप लावला आणि बांधावर तणनाशक मारलं. गवत जळालं, वाट मोकळी झाली. मला फार बरं वाटलं.

ती आली, ओहोळात हात ओले केले आणि एकेक दगड उचलत गेली. शेवटच्या दगडाखाली एक बेडूक मिळाला. वाळून चिंचेच्या टरफलासारखा झालेला.

मी लपवलं नाही. "मी औषध मारलं. तुला साप चावू नये म्हणून."

ती बांधावर बसली. हात ओले आणि धरायला काही नाही. बोटांवरून पाणी ठिबकून ठिबकून संपलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग तिचं लक्ष माझ्या तळहातांकडे गेलं. पंप गळका होता, कातडी सोलून निघाली होती. ती उठली, ओहोळाशी गेली, हात पुन्हा ओले करून आली आणि माझे दोन्ही हात तिने अलगद धरले.

"इथलीही ओल गेली की, आजी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना सांगून गेली, बेडूक परत दिसला तरच नवा परवाना मागता येईल, दिसला तर कळवा.

दोन वर्षं मी त्या बांधाला पंप लावला नाही, विळाही लावला नाही. गवत कमरेला लागतं. शेजारीण म्हणते, "म्हातारे, साप पाळलेस का?" मी म्हणते, "व्हय, तुझ्याकडंच सोडणार हाय."

यंदा श्रावणात सकाळी धुकं इतकं दाट होतं की ओहोळ नुसता ऐकू येत होता. हाताने चाचपडत बांधापर्यंत गेले. दगडावर पिवळी रेघ दिसली. वाटलं, डोळ्यांचा खेळ असेल. ओहोळात हात बुडवले आणि तशीच बसून राहिले. रेघ हलली, पाण्यात गेली.

घरी येऊन फोन लावला. "आलाय एक," मी म्हटलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आजी, हात ओले केले होते ना?"

"केले व्हते," मी म्हटलं, "पण लावले न्हाईत. ते तू ये आन् लाव."