कानातला बिल्ला

बायकोमागोमाग तिची म्हैसही गेली. म्हशीचा विमा होता, म्हणून विम्याची बाई एसटीनं टोकावड्याला आली. नाव मी विचारलं नाय.

"बाबा, कान कापून विम्याचा बिल्ला ठेवला ना? त्याच्याशिवाय क्लेम नाय होत."

"बायकोनं वाढवलेल्या जनावराचा कान कापू? तशीच पुरली."

ती वाद घालत बसली नाय. ओढणी नाकाला बांधून तिनं फावडं उचललं. माती उकरून बिल्ला काढला, आपल्याच रुमालानं पुसला.

"तपासणीआधी पुरली म्हणून थोडे कापून पैसे मिळतील. पारडी घ्या."

"ती दूध देईस्तोवर मी राहतोय का?"

"म्हणून तर पारडी घ्या, बाबा. तिच्यासाठी राहावं लागंल."

पारडी आता गोठ्यात आहे. मला मरायची घाई नाय.