नियम क्रमांक चार

लोरेटा ह्रुस्का सतरा वर्षं शाळेची बस चालवत होती. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून रोज पन्नास पोरं गोळा करायची आणि आरशात बघून ओरडायची. तिच्या एका हाकेसरशी शेवटच्या सीटवरची मारामारी थांबे. लोकांना त्याचं भारी कौतुक. तिला मात्र स्वतःचा तो आवाज नकोसा झाला होता. एकदा पहिलीतली एक चिमुरडी त्या हाकेनं एवढी दचकली की तिनं सीट ओली केली. त्याच वर्षी, चव्वेचाळीस पूर्ण झालेल्या लोरेटानं शिक्षिका व्हायला कॉलेजात नाव घातलं.

तिथे वर्गात एक दिवस उभं राहण्याआधीच 'आदर्श वर्गाबद्दल माझे विचार' असा निबंध लिहून घेतात. लोरेटानं चार पानं भरली. वर्ग मुलांचा असतो. नियम मुलांनीच करावेत. उत्तम वर्ग तो, जो शिक्षकावाचून चालतो. हे शेवटचं वाक्य लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, आणि प्राध्यापकांनी त्याखाली दोन रेघा ओढून 'वा!' असं लिहिलं होतं.

सरावासाठी तिला मिसेस कोलारचा तिसरीचा वर्ग मिळाला. निवृत्तीला टेकलेल्या मिसेस कोलारनी निबंध वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं. फक्त पोरांच्या हाती लागू देऊ नकोस."

तिकडे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर नियमांचा मोठा कागद असतो. बाई आपल्याला हवं तेच मुलांच्या तोंडून वदवून घेतात, मग सगळ्यांच्या सह्या होतात आणि वर्ष संपेपर्यंत त्या कागदाकडे कुणी ढुंकून बघत नाही. लोरेटानं मुलांना खरंच विचारलं. आठ-आठ वर्षांची ती लेकरं, पण शिक्षा ठरवताना एकालाही दया आली नाही. चौथा नियम असा ठरला: दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडेल त्यानं पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं. खाली बावीस सह्या झाल्या. तेविसावी लोरेटाची, मुलांच्या आग्रहाखातर.

ऑक्टोबरात विद्यापीठाच्या परीक्षक डॉ. विटकोम्ब वर्ग बघायला आल्या. त्यांनी पास केलं तर शिक्षिकेचा परवाना, नाहीतर पुन्हा बस.

धडा अपूर्णांकांचा. ब्रँटली नावाचा पोरगा फळ्याशी उभा राहून ठासून सांगत होता, "एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश मोठा. कारण आठ चारापेक्षा मोठे. आणि माझा भाऊ आठ नंबरची जर्सी घालतो, तो चार नंबरवाल्यापेक्षा..."

गाडी भावाच्या फुटबॉलकडे वळली. डॉ. विटकोम्बनी घड्याळ पाहिलं.

"अरे थांब, थांब! चुकतंय तुझं," लोरेटा बोलून गेली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग इट्झेल नावाच्या, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीनं हात वर केला.

"मिस, नियम चार."

"अगं, आज पाहुण्या आल्यात ना..."

"पाहुण्या आल्या तर नियम नाही, असं कुठे लिहिलंय?" ब्रँटली म्हणाला. त्याला फार लागलं होतं. "तुमची सहीपण आहे!"

लोरेटानं डॉ. विटकोम्बकडे पाहिलं. त्या काहीतरी लिहीत होत्या. आता नियम मोडला तर चार पानं खोटी ठरणार, आणि पाळला तर परवाना जाणार. ती मुकाट्यानं बाहेर गेली.

दाराच्या काचेतून तिला आतलं सगळं दिसत होतं. वर्गात आता गोंधळ उडेल, याची ती वाट बघत राहिली. खरं सांगायचं तर, तो उडावा असं तिला वाटत होतं. पण इट्झेल उठून फळ्याशी गेली.

"ब्रँटली, आज जेवणात चिलीचं सूप आणि गोड सिनॅमन रोल आहे. तुझा रोल चार जणांत वाटू की आठ जणांत?"

"चार!" ब्रँटली ओरडला. मग त्यानं तोंड उघडं ठेवून फळ्याकडे पाहिलं. "अय्यो. आठात तुकडा बारका होतो."

सगळा वर्ग हसला. शिक्षकावाचून चालणारा उत्तम वर्ग तिच्यासमोर चालला होता आणि तिला रडू फुटत होतं. पाच मिनिटं होऊन गेली, तरी तिला आत बोलवायची कुणालाच आठवण झाली नाही.

तास संपल्यावर डॉ. विटकोम्ब बाहेर आल्या. "सव्वीस वर्षं प्रत्येकाचा तो निबंध वाचतेय मी. तो खरा मानणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मग मी पास?"

"वर्गाची शिस्त, पैकीच्या पैकी. शिकवणं मात्र दिसलं नाही, तुम्ही बाहेर होतात. गुरुवारी परत येते. तेवढं आत थांबा."

लोरेटा वर्गात शिरली तशी पोरांनी तिला घेरलं.

"मिस, त्या काय म्हणाल्या? आपण पास झालो?"

"तुम्ही झालात," लोरेटा म्हणाली.