चौथा प्रश्न

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या कारखान्यात प्रतापची ख्याती अशी, की मोडका पंप त्याच्यापुढे ठेवला की पंपाने गुन्हा कबूल केलाच म्हणून समजा. धातू हिणकस होता, आकार चुकला होता, की जोडणाऱ्याचा हात? बावीस वर्षं हा माणूस ‘का मोडलं?’ एवढंच विचारत आलेला. पंप असतो कशासाठी, हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

लेक तनया बर्लिनला तत्त्वज्ञान शिकायला गेली, तेव्हा ‘त्यात पोट कसं भरणार?’ असं तो एकदाच म्हणाला आणि बायकोने, नीताने, डोळे वटारल्यावर गप्प बसला. दर रविवारी अकराला तो लेकीला फोन करी. हा मराठीत विचारी, ती जर्मनमध्ये उत्तर देई. लहानपणी ‘बाबा, उचल ना’ म्हणणारी पोर आता ‘गेनाऊ, पापा’, म्हणजे ‘बरोबर, बाबा’, म्हणते, याचं त्याला फार वाईट वाटे. तिच्या तोंडून एक, फक्त एक मराठी वाक्य ऐकायला तो आसुसला होता.

मार्चमधल्या एका रविवारी ते वाक्य आलं. तनयाने फोन उचलला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, कशाला फोन केलास?"

"चुकून लागला," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढचे दोन रविवार केलाच नाही. अकरा वाजले की बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसे. कुंड्या बिचाऱ्या बुडायच्या बेताला आल्या. जगातल्या पंपांना ‘का?’ विचारणारा हा गडी, पण लेकीला विचारायची छाती होईना.

तिसऱ्या रविवारी तिचाच फोन आला. रडवेली होऊन जर्मनमध्ये विचारत होती, माझं काय चुकलं? मग हळूहळू उलगडा झाला. वर्गात ॲरिस्टॉटल चालू होता. कुठल्याही गोष्टीबद्दल चार प्रश्न विचारा, असं त्याचं म्हणणं: कशाची बनली, रूप काय, घडवली कोणी, आणि चौथा, सगळ्यांत थोर, जर्मनमध्ये ‘वोत्सू’, म्हणजे कोणत्या हेतूने. हा चौथा प्रश्न तिला बाबाला मराठीत विचारायचा होता. ‘वोत्सू’ला मराठीत काय म्हणतात, असं तिने आईला विचारलं. आई कणीक मळता मळता म्हणाली, "कशाला."

"तीन दिवस पाठ करत होते, पापा," तनया जर्मनमध्येच म्हणाली.

स्पीकरवर ऐकणाऱ्या नीताने कपाळावर हात मारला. प्रतापला हसू आलं आणि डोळेही भरले.

"तस्संच परत विचार," तो म्हणाला.

पलीकडून जपून, एकेक शब्द, "बाबा, कशाला फोन केलास?"

"हे ऐकायला," प्रताप म्हणाला.