पद्मावतीअक्कांचा सहा नंबर

बंगळूरच्या बसवनगुडीत पद्मावतीअक्कांच्या केकच्या वर्गाचा दरारा होता. अंड्याविना, दह्यातला केक शिकवणाऱ्या त्या तिथं एकट्याच. मायदेशी निघालेल्या एका मडमेचा विलायती ओव्हन त्यांनी घेतला, मिस्त्रीकडून सिलिंडरच्या गॅससाठी बदलून घेतला, आणि त्याच्या बटणावरचा आकडा त्यांना वेदवाक्य झाला. 'सहा नंबर, पाऊण तास,' असं त्या बायकांच्या वहीत लिहून द्यायच्या. बायका घरी जाऊन केक जाळायच्या. लक्ष कुठे असतं तुमचं, असं अक्का झापायच्या. पण कोणाच्या घरी जाऊन ओव्हन बघतील, तर त्या अक्का कसल्या!

त्यातली शालन तरुण विधवा, भावाच्या आश्रयाला राहिलेली. केक विकून आपल्या पोटापुरतं मिळवावं, वहिनीच्या तोंडाकडे बघायला लागू नये, एवढंच तिचं मागणं. भावानं नवा ओव्हन घेऊन दिला. तिसऱ्यांदा केकचा कोळसा झाला, तेव्हा अक्कांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "शालन, तुझ्या हाताला गुणच नाही. सोड हा नाद."

तिनं सोडला.

दोन वर्षांनी, सहासष्ट साली, नव्या तुकडीतल्या एकीनं अक्कांच्या ओव्हनवरच शंका घेतली. अक्का भडकल्या. यजमान बिंदुमाधवराव प्रयोगशाळेत नोकरीला. बायकांची तोंडं एकदाची बंद करायला अक्कांनी त्यांच्याकडून भट्टीचा थर्मामीटर मागवला. तो ओव्हनमध्ये ठेवला. ओव्हनच्या माहितीपत्रकाप्रमाणे सहा नंबरला चारशे डिग्री फॅरनहाइट हवी. काटा तीनशे दहावर थांबला. अर्धा तास गेला तरी तिथेच.

"मिस्त्रीनं गॅसची छिद्रं बदलली तेव्हाच हा बिघडला असणार," बिंदुमाधवराव म्हणाले. "बायकांचे ओव्हन बरोबर होते गं, त्यांच्या सहा नंबरला केक जळणारच. आठ वर्षं तुझाच थंड होता."

अक्कांनी ओव्हन बंद केला. एवढ्या बायका शिकून गेल्या, पण डोळ्यांपुढे उभी राहिली ती शालन. स्वतःची इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शालनच्या दारात गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"सरी, अक्का, असू दे," शालन शांतपणे म्हणाली. "ओव्हन तेव्हाच देऊन टाकला. वहिनी आता मला भाकरीसुद्धा थापू देत नाही. माझ्या हाताला गुण नाही, असं अक्काच म्हणाल्यात, म्हणते."

"मी आत येऊन सांगते तिला. आत्ताच."

"सांगा," शालन आपल्या हातांकडे बघत म्हणाली. "पण अक्का, मलाही आता तसंच वाटतं."